राजवाडेंचं स्मारक आणि आपली वही

परवा कामासाठी धुळ्याला गेलो होतो. वेळ होता म्हणून राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. त्यानंतर नवव्या दिवशी, 9 जानेवारी 1927 ला, त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. पुतळ्याची वाट बघत कुणी बसलं नाही.

राजवाडे म्हटलं की आपल्याला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड आठवतात. पण हा माणूस भाषेचाही तेवढाच वेडा. ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं, धातू जमवले. तो धातुकोश त्यांच्या मागे छापून निघाला. मला वाटतं, खरं स्मारक तेच. अर्धं राहिलेलं काम कुणीतरी हातात घेणं.

1998 पर्यंत आपला तळोदा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. त्यामुळे हे सगळं परक्याचं वाटलं नाही. उलट एक जुनी गोष्ट टोचायला लागली.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावर वनपट्ट्याची बातमी करायला गेलो होतो. एक आजोबा तासभर भिलीत आपली जमीन सांगत होते. चढाची वेगळी, नाल्याकाठची वेगळी, दगड वेचून केलेली वेगळी. प्रत्येकीला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द. मी बातमीत लिहिलं, 'डोंगराळ जमीन'. नातवाने छापलेलं वाचून दाखवलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "भाऊ, हे तुझं बोलणं आहे. माझं कुठे आहे?"

आजोबा आता नाहीत. ते शब्द मी वहीत उतरवले नव्हते. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझा आहे. शुद्ध मराठीच्या नादात वीस वर्षं मी लोकांच्या तोंडचे शब्द गाळत आलो. आणि वनहक्काच्या दाव्यात कोणता तुकडा कुणी, कसा कसला, हे त्या शब्दांतूनच कळलं असतं.

भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी. आपल्या बाजाराच्या दिवशी एवढ्या बोली कानावर पडतात. सभागृह बांधायला निधी लागतो, वहीला लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, दहा शब्द लिहा. शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं वय. आणि जसा बोलला तसाच लिहा, सुधारू नका.

मी या रविवारपासून सुरू करतोय. कोण कोण येतंय?