लोणारचा दगड

यात्रेहून परतताना काहीतरी घेऊन यायचे, ही आपल्या घरांची जुनी सवय. आमच्या काचेच्या कपाटात वेलंकणीहून आणलेली शिंपल्यांची पेटी आणि गोव्याचे लाकडी गलबत यांच्यामध्ये एक काळा दगड तीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. 1993 साली बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात उतरलो असता तो आम्ही उचलला. अभयारण्य तेथे 2000 साली झाले. त्या दिवशी अडवायला कोणी नव्हते, एवढेच आमच्या कृत्याचे समर्थन.

येणाऱ्या-जाणाऱ्यास आम्ही तो कौतुकाने दाखवीत असू. 'पन्नास हजार वर्षांपूर्वीचा उल्केचा दगड' असे सांगत असू. ही दोन्ही विधाने चुकीची होती, हे फार उशिरा कळले.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलो. गारगोटी म्हणजे लहानपणी अंधारात घासून ठिणग्या पाडण्याचा दगड, एवढीच आमची समज. तेथे पाहतो तो दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोटातील वैभव! लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत क्षारयुक्त पाणी झिरपून स्फटिक वाढतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळ्याशार कॅव्हनसाइटपुढून मुलगा हलेना. खनिजाच्या नावासोबत गावाचे नावही त्याने मोठ्याने वाचले आणि विचारले, "आजोबा, आपल्या दगडाच्या चिठ्ठीवर काय लिहायचे?"

"लोणार," आम्ही म्हणालो.

"लोणारमध्ये कुठे?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाचन सुरू झाले ते त्यानंतर. लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. ते ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद 1973 साली भारतीय व अमेरिकी संशोधकांच्या निबंधाने जवळपास निकालात निघाला. आघाताच्या प्रचंड दाबाने काही स्फटिक न वितळताच काचेसारखे झालेले त्यांना आढळले होते. आणि 2011 साली वितळून पुन्हा थिजलेल्या खडकांवरून विवराचे वय सुमारे 5,70,000 वर्षे ठरले. आमचे पन्नास हजार कोठल्या कोठे राहिले! दगड मात्र उल्केचा नव्हेच, तेथलाच कातळ. आणि काठावर उलथलेल्या थराचा की तळाकडच्या उताराचा, हे कळले तरच तो काही बोलणार. ती जागा आम्ही नोंदलीच नव्हती. आमच्या कपाटात तो मुका होऊन बसला होता.

पत्नी म्हणाली, "नेऊन ठेवू या." प्रवास लांबचा, गुडघे दुखरे, तरी हिवाळ्यात निघालो. काठावरून पाहिले तर तळे तसेच स्तब्ध, भोवती दाट झाडी. पायवाटेवर थोडे उतरलो. आम्ही जागा आठवीत राहिलो. बाभळी वाढल्या होत्या, की आम्हीच दुसऱ्या वाटेने आलो होतो, काही उमगेना.

अखेर नातवाने वाटेकडेला वाकून दगड ठेवला. आसपास तसेच काळे दगड शेकड्यांनी पडले होते. दोन पावले पुढे जाऊन त्याने वळून पाहिले, आणि आपला कोणता, असे विचारले. आम्हाला सांगता आले नाही.