नावाला भुललो!

दोस्तांनो, तुमचं एखादं लाडकं पेन असतं ना? परीक्षेला तेच हवं! माझी तशी एक लाडकी कंपनी होती, व्हिडिओ गेम काढणारी. तिचं नाव सांगत नाही. कारण ही गोष्ट तिच्यापेक्षा माझ्याच वेडेपणाची आहे.

साल १९९८. मी सातवीत होतो. दर रविवारी आम्ही भावंडं काकांच्या कॉम्प्युटरवर मोटारशर्यत खेळायचो. घड्याळ लावून प्रत्येकी दहा मिनिटं! सीडी अडकली की बनियनला पुसायची. शर्यत जिंकली की नवी गाडी मिळे. लाल गाडी मिळवायला मला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली. तेव्हापासून ती कंपनी म्हणजे 'आपली' कंपनी झाली.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, कुठला गेम घेऊ?"

"डोळे मिटून आपल्या कंपनीचा घे!" मी म्हणालो.

दहा दिवसांनी बघतो तर स्वारी गप्प. चांगल्या गाड्या म्हणे बंद पेट्यांत असतात. पैसे भरायचे, पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब! तिच्या भाऊबीजेच्या पैशांतून अकरा पेट्या उघडून झाल्या होत्या. गाडी एकही नाही. आणि दर वेळी मीच "घे गं, आपलीच कंपनी आहे" म्हणालो होतो!

या पेट्यांना 'लूट बॉक्स' म्हणतात. काही गेममधल्या अशा विकतच्या पेट्या म्हणजे जुगारच, असं २०१८ साली बेल्जियमच्या जुगार आयोगाने ठरवलं होतं. पुढच्या पेटीत नक्की निघेल, या आशेने माणूस पैसे घालतच जातो.

मी कंपनीवर चिडलो. तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला कंपनी आवडायची की तो गेम?"

मी निरुत्तर! खरंच, मला आवडला होता तो गेम. खोक्यावरचं नाव तेच राहिलं, पण आतली माणसं आणि त्यांची रीत बदलली. मी मात्र नुसतं नाव धरून बसलो. भाऊबीजेचे पैसे मी तिला भरून दिले. चूक माझी होती ना!

जुनी सीडी अजून कपाटात आहे. तो गेम छानच होता, त्यावर माझा राग नाही. पण आता नवा गेम घेताना आम्ही दोघं मिळून आधी बघतो, आत आणखी पैसे मागतात का?

तुमच्या लाडक्या पेनात नवी रिफिल घातली, की आधी कागदावर एक रेघ ओढून बघता ना? अगदी तस्संच!