पन्नास लाख कागद

एक कागद उचलायचा, अध्यक्षपदाचं नाव मोठ्याने वाचायचं आणि शेजारच्या बाईंच्या हातात द्यायचा. त्यांनी तो स्वतः पुन्हा वाचून त्या त्या गठ्ठ्यावर ठेवायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये काही दिवस मी एवढंच काम केलं. आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाचा मला इतका अभिमान वाटलेला नाही.

१९९२ मध्ये क्लिंटन जिंकले, त्यानंतर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला नव्हता. ३ नोव्हेंबरला, मतदानाच्या रात्रीही ट्रम्पच पुढे होते. टपालाने आलेली मतं मोजली जाऊ लागली तशी त्यांची आघाडी उतरत गेली आणि शुक्रवारी पहाटे बायडन पुढे गेले. फरक इतका थोडा की राज्यातला प्रत्येक कागद हाताने मोजायचं ठरलं. १५९ काउंटी, जवळजवळ ५० लाख मतं. एकट्या आमच्या ग्विनेट काउंटीची ४ लाखांवर. तात्पुरती माणसं हवी होती, मी नाव दिलं.

नाव दिलं ते बाबांमुळे. ते सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. निवडणूक आली की त्यांना ड्युटी लागायची. मतपेटी घेऊन कुठल्यातरी आडगावी जायचं, शाळेतच मुक्काम करायचा, पेटी जमा होईपर्यंत डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. परतल्यावर त्यांच्या बोटांवर लाखेचे चटके असायचे. आम्ही विचारायचो कोण निवडून येणार. ते सांगायचे सील कसं लावलं. लहानपणी मला ते फार कंटाळवाणं वाटायचं.

माझ्या शेजारच्या बाई सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. मला 'हनी' म्हणायच्या. त्यांचा हात सावकाश चालायचा. यंत्रातून छापून आलेल्या स्वच्छ मतपत्रिकेवरही नजर दोनदा फिरायची. पहिल्या दिवशी मी मनातून चिडले. दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, त्यांची आई दक्षिण जॉर्जियातल्या खेड्यातली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली की तिला असे प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरं विचारणाऱ्यालाही आली नसती. १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला तेव्हा कुठे तिला मत देता आलं. तोवर तिची चाळिशी उलटली होती.

त्यानंतर मीही सावकाश वाचू लागले. टपालाच्या एका मतपत्रिकेवर थरथरत्या हाताने एक गोल भरून खोडला होता आणि दुसरा भरला होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिलो. निर्णय आमचा नव्हता. समितीपुढे जाण्यासाठी ती बाजूला ठेवली.

हातमोजणीतही बायडनच पुढे राहिले. मग ट्रम्प यांच्या मागणीवरून यंत्राने फेरमोजणी झाली. शेवटचा फरक ११,७७९ मतांचा, आणि राज्याची १६ निर्वाचक मतं बायडन यांना. तरी मतं चोरल्याचं लोक म्हणत राहिले, आमच्या ओळखीतलेसुद्धा. ते ऐकताना मला अजून यातना होतात. ते कागद या हातांतून गेले आहेत.

काम संपलं त्या रात्री साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. बाबांना सगळं सांगितलं: टेबलं, गठ्ठे, शेजारच्या बाई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेट्या उघडण्याआधी सील तपासलं होतं ना, बाळ?"

"हो बाबा. प्रत्येक."