वाट चुकलेला मुलगा

सायंकाळची वेळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत खरेदीची झुंबड उडाली आहे. एका दुकानासमोरील सायकल घेऊन चौदा वर्षांचा मुलगा पळतो आणि पैठण गेटजवळ पकडला जातो. भोवती गर्दी जमते. "चोर, चोर!" असा गलका होतो; कोणी त्याच्यावर हातही उगारतो. प्रसंग कल्पनेतला खरा. पण कोणत्याही बाजारात तो सहज घडावा असाच आहे.

आता कायदा या मुलाशी कसा वागतो ते पाहावे. २०१५ चा बाल न्याय कायदा व त्याचे नियम यांप्रमाणे अशा मुलास बेड्या घालता येत नाहीत, की कोठडीत डांबता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असे हे मंडळ. त्या दोघांत एक तरी स्त्री असावीच लागते. तेथे त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द बोजड आहे, पण त्यात शिवी नाही! परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरी जातो. बाप कामावर जातो की गुत्त्यावर, शाळा केव्हा सुटली, संगत कोणाची, हे सारे तो लिहून आणतो. मुलगा त्या सायकलीपर्यंत कसा आला, हे मंडळाला जाणून घ्यावयाचे असते.

मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून दूर ठेवावे, हा विचार जुना आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये निघाली. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. औरंगाबाद मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

या दयेवर लोकांचा रोषही होतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप होता. मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक संतापले. तो संताप अनाठायी होता, असे मृतांच्या आईबापांपुढे कोण म्हणेल? दया करावयाची तर तिलाही कष्ट पडतात. ते चुकविले, की तिची थट्टा होते.

गुलमंडीतल्या मुलाची चौकशी संपली आणि अपिलाची मुदत टळली, म्हणजे त्याचे कागद नष्ट करावेत, असे कायदा सांगतो. पुढे नोकरी मागताना ती चोरी त्याच्या आड येऊ नये. गल्लीतल्या जिभांना मात्र मुदत नसते. उद्या तो शाळेत परत येईल, तेव्हा बाकावर त्याच्या शेजारी कोण बसणार, हे वर्गातल्या मुलांनाच ठरवावे लागेल.