मिऱ्याचे पान

‘मिरची’ हा शब्द ‘मिरी’पासून आला, हे उघड असूनही आपल्या सहसा ध्यानात येत नाही. मिऱ्याच्या शोधात १४९२ मध्ये निघालेल्या कोलंबसाला कॅरिबियन बेटांवर भलतेच तिखट फळ सापडले. स्पॅनिश भाषेत मिऱ्याला ‘पिमिएंता’ म्हणतात. नव्या फळाचे नाव त्यांनी ‘पिमिएंतो’ ठेवून दिले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यांच्या गलबतांतून ते फळ आपल्या किनाऱ्यावर उतरले, आणि मराठीने स्पॅनिशचे एक अक्षर न शिकता तेच केले. हिंदीत तर कहर झाला. तेथे ‘मिर्च’ हे नाव उपऱ्या फळाने घेतले आणि मूळ धन्याला ओळख पटवण्यासाठी ‘काली’ हे विशेषण लावून हिंडावे लागले. आपण माळव्यात राहणारे लोक. ही बेदखली आपण किराण्याच्या दुकानात रोज ऐकतो.

टेक्सासमध्ये राहणारी माझी भाची दोन वर्षांपूर्वी उज्जैनला आली, तेव्हा तिने सुक्या मेक्सिकन मिरच्यांची तीन पाकिटे आणली होती. त्या देशात मिरची वाळली की तिचे नावच बदलते. पोब्लानो वाळून ‘आंचो’ होते, मिरासोल वाळून ‘ग्वाहियो’, आणि लांबट चिलाका वाळून ‘पासिया’. पासिया म्हणजे छोटा बेदाणा, आणि पाकीट फोडल्यावर खरोखरच मनुकांचा वास येतो. आंचो रुंद, काळपट, सुरकुतलेली. तिचा गंध सुक्या अंजिरासारखा. ग्वाहियोची साल गुळगुळीत व विटकरी. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा, म्हणजे आपल्याकडे ब्याडगी जे काम करते तेच तिकडे तिचे.

आपण सुकी मिरची तेलावर परतून कोरडी कुटतो आणि वर्षभर पुरवतो. ते लोक देठ व बिया काढून मिरची कोरड्या तव्यावर क्षणभर शेकतात. क्षणभरच, कारण अधिक शेकली की ती कडवट होते. मग कढत पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून ओली वाटतात. वाटण्यासाठी त्यांचे परंपरागत साधन ‘मेताते’. त्याचे चित्र पाहिले आणि मला हसू आले. तो आपला पाटा-वरवंटाच, फक्त पाट्याला पाय फुटलेले. मी मात्र ते वाटण मिक्सरवर करते, लसूण, टोमॅटो आणि जिरे घालून. तुपावर परतले की त्याला जो दाटसर, किंचित गोडसर, धुरकट स्वाद येतो, तो आपल्या कोणत्याच मसाल्यात नाही.

सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी बोटाने चाखून पाहिले आणि निकाल दिला, ‘‘रंग आहे, वास आहे, पण अगं, तिखट कुठाय?’’ त्यांचे तिखट निमाडच्या मिरचीचे. खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून आलेली मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी पोत्याने घ्यायची, गच्चीवर वाळवायची आणि काळ्या मसाल्याची भाजणी निघाली की खाटाने अख्खी गल्ली खोकायची. शेजारच्या माळवी बायका पदर नाकाला लावून म्हणत, मराठ्यांच्या घरी मसाला होतो आहे! त्या काळ्या मसाल्यात सासूबाईंना आपले मराठीपण पुरेपूर भरलेले वाटे. भाषा हिंदीमिश्रित झाली, नऊवारी गेली. आमटीची चव मात्र राहिली, असे त्या म्हणत.

त्यात तथ्य होतेच. १७३२ च्या वाटणीत उज्जैन शिंद्यांकडे आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा, ज्यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, ते मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, म्हणजे गोव्याच्या शेजारचे. त्या किनाऱ्याला तोवर मिरचीची दोनशे वर्षांची ओळख झाली होती. आपले पूर्वज इकडे आले तेव्हा तीही आपल्यासारखीच स्थलांतरित होती, एवढेच; फक्त तिचा प्रवास अधिक लांबचा.

गेल्या वर्षी भाद्रपदात सासूबाईंचे पहिले वर्षश्राद्ध आले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. अनेक घरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरची चालते. आमच्या घरी चालत नाही. वडे, आमसुलाची चटणी, कढी, भाज्या, सारे काही मिरी आणि आले यांवर. गंमत अशी की उपवासाला हीच मिरची आमच्याकडे सन्मानाने येते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले, एकादशीला एकाच ताटात बसतात. पितरांच्या पानावर मात्र मज्जाव! जिला आयुष्यभर मिरचीवाचून घास गेला नाही, तिच्या नावाने मिळमिळीत पान वाढायचे, हे मला पटेना.

याच सुमारास भाचीने फोनवर सांगितले की मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला मृतांचे दिवस पाळतात. घरात वेदी मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात (आपल्या दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच) आणि गेलेल्या माणसाला जे आवडे ते पदार्थ समोर ठेवतात. त्यांत बहुधा ‘मोले’ असतेच. सुक्या मिरच्या, तीळ, दालचिनी, लवंग आणि किंचित चॉकलेट घालून केलेले ते दाट कालवण. म्हणजे मिरचीच्या माहेरी मिरचीनेच पितर जेवतात.

रामघाटावर आमचे पिढीजात गुरुजी आहेत. यजमान आणि मी त्यांना विचारायला गेलो. संध्याकाळची वेळ होती, क्षिप्रेला बऱ्यापैकी पाणी होते. २०१४ पासून या पात्रात नर्मदेचेही पाणी उपसून सोडले जाते, तेव्हा निमाडच्या मिरचीला पाजणारी नदी आता आपल्या तर्पणाच्या ओंजळीतही येते, असे मनात येऊन गेले. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘जुन्या स्मृतींत तिचे नाव कुठून येणार? तिला निषेध नाही, पण निमंत्रणही नाही. कुळाचार तुमचा, ठरवा तुम्ही.’’

यजमानांचे म्हणणे, करावी एक भाजी तिखट. आईलाच तर जेवायला घालायचे आहे. श्राद्धात नाव घेतो ते तिघींचे, आई, आजी, पणजी. तिघीही मिरची खाणाऱ्या. युक्तिवाद बिनतोड होता. पण घरी येताना मला उलट वाटू लागले. तिघींपैकी एकीलाही जो नियम लागू पडत नाही, तो तिघींनीही पाळला. स्वतः तिखट खाऊन त्यांनी आपल्या सासवांना मिऱ्याचे पान वाढले. पाचशे वर्षांपूर्वी मराठी घरात आमटी कशी लागत असेल, हे वर्षातून एकदा जिभेवर येते ते या एका पानामुळे. ज्यांची नावे आता कोणीच घेत नाही, त्या बायकांचा स्वयंपाक तेवढाच शिल्लक आहे. माझी सून तो पुढे करील की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून तर माझ्या हाताने तो मोडवेना.

पान मिऱ्याचेच झाले. यजमान थोडे हिरमुसले. गच्चीवर कावळ्याचा घास ठेवताना मी त्यांना सांगितले की मिरचीतला जो कॅप्सेसिन नावाचा पदार्थ आपली जीभ भाजतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यांच्या शरीरातला तो ग्राहक त्याला दाद देत नाही. माणसातला तो ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड जुलियस यांना २०२१ मध्ये नोबेलही मिळाले. कावळ्याला काय, मिरी आणि मिरची सारखीच. ‘‘आई मात्र रागावली असती,’’ ते म्हणाले. मीही तेच मनात म्हणत होते. कावळ्याने बराच वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी मंडईत कोवळी कणसे होती. मी भुट्ट्याचा कीस केला, दुधात शिजवून, माळवी पद्धतीने; फक्त वरून हिरव्या मिरचीऐवजी आंचो आणि ग्वाहियोचे उरलेले वाटण घातले, आणि तिखटपणासाठी सासूबाईंच्या बरणीतले निमाडी तिखट, सढळ हाताने. मकाही मेक्सिकोचाच. यजमानांनी दोनदा घेतला, डोळे पुसले, आणि बरणीत आणखी किती उरले आहे ते विचारले. तळाशी चार चमचे होते.