कसारा घाट आणि जुनी पद्मिनी

मुंबईहून मांगी-तुंगीच्या सिद्धक्षेत्री जाणारा मार्ग कसारा घाट, नाशिक, सटाणा, ताहराबाद असा आहे. २०१६ साली प्रतिष्ठा झालेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट मूर्तीचे दर्शन हा या यात्रेचा कळस. आमची १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी या वाटेने अनेकदा गेली आहे. मातोश्रींचे रात्रिभोजनत्यागाचे व्रत असल्याने सूर्यास्तापूर्वी पुरेसा वेळ राखून धर्मशाळेत पोचणे अपरिहार्य असे. म्हणूनच वाटेतला बिघाड आपला आपल्याला ओळखता यावा लागतो.

वैशाखात घाट चढताना इंजिन अचानक बंद पडले, तर बहुधा पंपात वा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. त्यांवर ओले फडके ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढू लागला, तर आधी फॅनचा पट्टा पाहावा. पाण्याचा पंप व डायनॅमो त्या एकाच पट्ट्यावर फिरतात. तो तुटला असता गाडी पुढे रेटू नये. जादा पट्टा डिकीत असावाच. स्टार्टर नुसता कटकट करीत असेल, तर बॅटरीच्या टोकांवरील पांढरा क्षार घासून पकड घट्ट करावी.

पहाटे तासभर आधी निघणे ही प्रवासातील खरी शिल्लक. ताहराबादनंतर ती दोन शिखरे दिसू लागतात, तेव्हा ऊन कलायचे बाकी असावे.