सोवेटोच्या वाटेवर

निघण्याआधी आळीतल्या प्रत्येकाने आम्हाला एकच गोष्ट सांगितली. "जोहान्सबर्गला चाललात? सांभाळून राहा. तिथे दिवसाढवळ्या लुटतात." यांच्यापैकी एकजणही कधी आफ्रिकेला गेलेला नव्हता. सगळ्यांनी ते पेपरात वाचलेले, टी.व्ही.वर पाहिलेले. माझा भाचा तिथे नोकरीला म्हणून 2018 च्या जून महिन्यात मी व सौ. गेलो. आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा तिथे कडक थंडी असते.

विमानतळावरून गाऊट्रेन नावाच्या आगगाडीने सँडटनला आलो. ही गाडी 8 जून 2010 ला, विश्वचषक फुटबॉलच्या तोंडावर सुरू झाली. सँडटन म्हणजे श्रीमंतांचा भाग. उंच भिंती, त्यावर विजेच्या तारा, दारोदार खाजगी रखवालदारांच्या पाट्या. त्या देशात पोलिसांपेक्षा असे रखवालदार कितीतरी जास्त. मोठा रस्ता ओलांडला की पलीकडे अलेक्झांड्रा ही पत्र्याची वस्ती. तिथल्या दारांवर कसल्याही पाट्या नव्हत्या.

भाचा म्हणाला, "मामा, पायी हिंडायचं नाही. सोवेटोला जायचं तर ओळखीचा गाडीवाला आहे, त्याच्याबरोबर जा." गाडीवाला पन्नाशीचा, सोवेटोतच राहणारा. 2010 साली त्याने परदेशी पाहुण्यांना गाडीतून हिंडवले होते. सोनखाणींतून निघालेल्या मातीचे पिवळे डोंगर मागे टाकत तो बोलत होता. "गाडीत बसला की प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारायचा, इथं धोका किती? मी म्हणायचो, साहेब, मी रोज रात्री इथेच झोपायला जातो."

त्या वर्षीच्या बातम्या मला आठवत होत्या. जानेवारीत अंगोलातल्या कबिंडा भागात टोगोच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला, माणसे मेली. ते ठिकाण जोहान्सबर्गपासून अडीच हजार किलोमीटरांहूनही दूर, देश वेगळा, कारण वेगळे. तरी प्रश्न दक्षिण आफ्रिकेला विचारले गेले. तेव्हा तिथले संयोजक म्हणाले की, कोसोव्होत युद्ध असले म्हणून जर्मनीतल्या स्पर्धेबद्दल कोणी शंका काढत नाही. 3 एप्रिलला गोऱ्यांचा वर्णद्वेषी पुढारी यूजीन टेरब्लांश याचा त्याच्या शेतावर खून झाला. कोर्टात निघाले ते मजुरीच्या पैशांचे भांडण. पण इंग्लंडच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर फुटबॉलशौकिनांना कोयत्यांची भीती घातली. ब्रिटनमध्ये तर सुरा आत घुसू नये अशी जाकिटे, देशादेशांच्या झेंड्यांची चित्रे काढून, विकायला निघाली. भीतीचाही बाजार भरतो तो असा.

मात्र गुन्हेगारी खोटी होती असे कोणी म्हणू नये. 2008-09 या वर्षात त्या देशात 18,148 खून नोंदले गेले. म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. पेपरांनी हा पन्नासचा आकडा पुन्हापुन्हा छापला. ते पन्नास कोण, हे मात्र क्वचितच छापून आले. बहुतेक गरीब वस्तीतले काळे लोक, आणि मारणारे पुष्कळदा ओळखीचेच. केपटाऊनजवळची न्यांगा ही वस्ती खुनांच्या संख्येत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर. तिथे कोण परदेशी पाहुणा उतरणार होता?

सॉकर सिटी मैदान आले तसा गाडीवाला थांबला. सुक्या भोपळ्याच्या भांड्यासारखा त्याचा आकार, रंग मातीचा. सुटका झाल्यावर दोनच दिवसांनी, 13 फेब्रुवारी 1990 ला, मंडेलांनी इथे प्रचंड सभा घेतली होती. 2010 चा पहिला सामना इथेच झाला आणि पहिला गोल सोवेटोच्याच शबालालाने केला. ते सांगताना गाडीवाल्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. सौ. घाबरली, मग हसली.

आणि झाले काय? तीन लाखांवर परदेशी पाहुणे आले, 64 सामने झाले, भाकीत केलेला रक्तपात झाला नाही. सरकारने स्पर्धेसाठी 41,000 पोलीस लावले आणि 56 खास न्यायालये उघडली. मागालीसबर्ग इथे परदेशी पत्रकारांना पिस्तूल दाखवून लुटणाऱ्या दोघा झिंबाब्वेच्या माणसांना अटक, खटला आणि पंधरा वर्षांची शिक्षा हे सारे आठवड्याच्या आत उरकले. मी हे बोललो तेव्हा गाडीवाला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला 2007 साली मारलं. आम्ही कोर्टात चार वर्षं खेटे घातले. साक्षीदार फुटला." मला आपल्याकडची कितीतरी कोर्टे आठवली.

डर्बनला मैदानावरच्या रखवालदारांनी ठरलेली मजुरी मिळाली नाही म्हणून आवाज उठवला, त्यांच्यावर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या सुटल्या. पाहुण्यांच्या जिवाची राखण करणारे ते हात!

पुढे ऑर्लंडो वेस्ट. आपल्याकडे गावकुसाबाहेर वस्ती असायची, तशीच सोवेटो ही गोऱ्यांच्या शहराबाहेर मुद्दाम वसवलेली. 16 जून 1976 ला आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या शाळकरी मुलांवर इथे गोळ्या झाडल्या गेल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. त्याच्या स्मारकापाशी शाळेची मुले रांगेत उभी होती. सौ. ने पदर डोळ्यांना लावला. जवळच विलाकाझी रस्त्यावर मंडेलांचे लाल विटांचे छोटेसे घर. हॉटेलांतल्या टी.व्ही.वर रशियातला विश्वचषक चालू होता. आम्ही रस्त्यावर तासभर पायी हिंडलो, एका बाईकडून भाजलेले मक्याचे कणीस घेतले. पिशवी मात्र सौ. ने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, हेही लिहायलाच हवे.

त्या पोलिसांचा आणि न्यायालयांचा मुक्काम स्पर्धेपुरताच होता. 2022-23 या वर्षात तिथे 27,494 खून नोंदले गेले. पूर्वीपेक्षा नऊ हजारांहून अधिक. त्याच्या बातम्या आपल्या पेपरात मी शोधून पाहिल्या. फारशा दिसल्या नाहीत.

अंधार पडायच्या आत त्याने आम्हाला सँडटनला पोचवले. भाच्याने पैसे दिले. सौ. ने सोबतचे चार बेसनाचे लाडू कागदात बांधून त्याच्या मुलांसाठी दिले आणि भाच्यामार्फत विचारले, "आता तुम्ही एकटे परत कसे जाणार? घरी पोचलात की फोन करा." साडेआठला त्याचा फोन आला. तेव्हा कुठे ती जेवायला बसली.